कोपानच्या जिन्यापाशी

कोपान रुईनास, होंडुरास

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

इतके महिने पत्र नाही, तेव्हा तुझा राग रास्तच आहे. आम्ही उभयता ठीक आहोत, सुधाचा गुडघाही बरा आहे. पण आज जे पाहिले ते तुझ्यावाचून कोणाला सांगावे?

येथे माया लोकांच्या, म्हणजे मध्य अमेरिकेतील एका प्राचीन संस्कृतीच्या, कोपान नगरीतला लेखांकित जिना आहे. साठाहून अधिक पायऱ्या आणि त्यांच्या दर्शनी अंगावर कोरलेली २,००० हून अधिक चिन्हे. मायांचा याहून मोठा शिलालेख सापडलेला नाही. इ. स. ७३८ मध्ये किरिग्वा या दुसऱ्या माया नगरीच्या राजाने कोपानच्या तेराव्या राजाला पकडून ठार केले. त्या मानहानीनंतर पंधराव्या राजाने घराण्याचा हा इतिहास वाढवून पुरा केला. माथ्यावर ताडपत्रीचे छत आहे, त्यामुळे दुपारीही उजेड मऊ पडतो. दोरीपलीकडून एक चिन्ह नीट दिसले: बाजूने कोरलेला चेहरा, नाक झिजलेले, शेजारी एक दांडी आणि तीन टिंबे, म्हणजे पाच अधिक तीन, आठ.

हा जिना मधल्या काळात ढासळला होता. तळाच्या सुमारे पंधरा पायऱ्या तेवढ्या जागेवर राहिल्या. बाकीचे निखळलेले दगड १९३० च्या दशकात पुन्हा बसवले गेले, तेव्हा तारखांपलीकडे फारसे काही वाचता येत नव्हते. लिपितज्ज्ञ युरी क्नोरोझोव्ह यांनी माया लिपीतील उच्चारांची किल्ली दाखवली १९५२ मध्ये, आणि शिलालेखांत राजांची चरित्रे आहेत हे माया-अभ्यासक तात्याना प्रोस्कुरियाकॉफ यांनी सिद्ध केले १९६० मध्ये. तोवर वाक्ये विस्कटून पक्की बसली होती. बसवणाऱ्यांची निष्ठा मोठीच होती, विनायक, पण कोणता दगड कोठे पडला होता याची पुरेशी नोंदच नव्हती.

तेथे उभा असताना तुमच्या माळ्यावरच्या मोडी दफ्तराची काळजी लागली, ती अजून जात नाही. दिवाळीत रुमाल, म्हणजे कागदांची कापडात बांधलेली गाठोडी, सोडून कागद अक्षराच्या वळणाप्रमाणे लावायचे, असे तू म्हणाला होतास. मोडीच्या वर्गापासून आपले भांडण यावरच आहे. कारकुनाने कोणता कागद कोणाशेजारी बांधला, हाही पुरावाच असतो. मिती, म्हणजे तारीख, नसलेल्या कागदाचा काळ कित्येकदा शेजारच्या कागदावरूनच लागतो. म्हणून प्रत्येक रुमाल जसा उघडेल तसे त्याचे छायाचित्र घे, कागदाला न चिकटवता वेगळ्या चिठ्ठीवर क्रमांक दे, आणि मगच कागद हलव.

चिन्मयच्या लग्नाला आम्ही येतोच, वहिनींना नमस्कार. मी आठवडाभर आधी येईन. तोवर गाठी सोडू नकोस.

तुझा,
माधव