शिक्का संपलाय, मुक्काम नाही

18 मे 2025

ती. आई-बाबा,
सा. न.

शुक्रवारी फोनवर आई जे बोलली त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. "टोरंटोला जाऊन येता येतं आणि बापाच्या ऑपरेशनला घरी येता येत नाही?" मी गप्प बसले. मग आई, तू फोन बाबांकडे दिलास आणि त्यांनी नेहमीसारखी जेवणाखाणाची चौकशी केली. पण तो प्रश्न दोन रात्री डोक्यातून गेलेला नाही. फोनवर हे सांगायला घेतलं की मध्येच रडू येतं, म्हणून सगळं सावकाश लिहून काढते आहे. बाबा, तुम्ही आईला वाचून दाखवा.

आधी अमेरिकेच्या व्हिसाचं. पासपोर्टात चिकटवलेला व्हिसा हा दारातून आत येण्याचा परवाना असतो, तेवढाच. माझा जून 2019 मध्ये मिळाला होता, पाच वर्षांचा, आणि गेल्या जूनमध्ये संपला. तेव्हा बाबा घाबरून म्हणाले होते, "अगं, मग तू तिथे बेकायदा राहतेस की काय?" नाही बाबा. आत आल्यावर किती दिवस राहायचं हे त्या व्हिसावर ठरत नाही. आय-94 नावाची एक नोंद असते, त्यावर ठरतं. पर्यटकाच्या नोंदीवर परतीची तारीख असते. माझ्या नोंदीवर तारीख नाही, 'डी/एस' एवढंच लिहिलंय. म्हणजे विद्यार्थी म्हणून नियमाने शिकतेय तोवर राहा. याला इथे सगळे स्टेटस म्हणतात. व्हिसा संपला तरी स्टेटस शाबूत राहतं. उलटही होतं: व्हिसावर चार वर्षं शिल्लक आहेत आणि स्टेटस एका दिवसात गेलं, असंही होऊ शकतं.

पण एकदा देशाबाहेर पडले की परत येताना दारातला परवाना पुन्हा लागतो. तो काढायला मुलाखतीची तारीख मिळवायची, मुलाखत द्यायची आणि पासपोर्ट हातात पडायची वाट बघायची. आम्ही त्याला स्टॅम्पिंग म्हणतो. कधी आठवड्यात होतं. कधी मुलाखतीनंतर कागद आणखी तपासणीला जातात आणि किती दिवस लागतील ते कुणीच सांगत नाही. आमच्याच विभागातला एक मुलगा लग्नासाठी दोन आठवडे म्हणून गेला तो साडेतीन महिन्यांनी परतला. तोवर त्याचा शिकवण्याचा करार दुसऱ्याला दिला गेला होता.

मग टोरंटो कसं जमलं? त्यासाठी एक सवलत आहे. कॅनडा किंवा मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन आलं, तिथे नवीन व्हिसासाठी अर्ज केला नाही आणि बाकी कागद ठीक असले, तर संपलेल्या व्हिसावरही परत येता येतं. ऑक्टोबरमध्ये मी परिषदेला चार दिवस गेले ती या सवलतीवर. अमेरिकेचा अधिकारी टोरंटोच्या विमानतळावरच, विमानात बसायच्या आधी तपासतो. माझ्या पुढे सहा माणसं होती. फाइल मी छातीशी धरलेली. आय-20 च्या, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशाच्या कागदाच्या, दुसऱ्या पानावरची प्रवासाची सही एक वर्षाच्या आतली आहे ना, हे रांगेत तीनदा बघितलं. अधिकाऱ्याने व्हिसावरची तारीख वाचली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा तारीख वाचली. मी आय-94 चा छापील कागद पुढे सरकवला. त्याने तो वाचला, शिक्का मारला आणि "गुड लक विथ द थीसिस" म्हणाला. विमानात बसल्यावर कळलं की माझी बोटं गार पडली होती. आई, ती सवलत भारतासाठी असती तर तिकीट केव्हाच काढलं असतं ग.

बाबा, तुम्ही सुचवलंत की एक सेमिस्टर रजा टाक, निवांत ये आणि मग जा. मीही हा विचार केला होता. रजा घेतली की विद्यापीठ माझी नोंद बंद करतं, मला देश सोडायला पंधरा दिवस मिळतात, आणि पाच महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिले तर नवा आय-20, पुन्हा 350 डॉलरची सेव्हिस फी, पुन्हा व्हिसा. प्रबंधाची तीन प्रकरणं पूर्ण आहेत, चौथं गाइडकडे आहे, जुलैच्या शेवटी डिफेन्स, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा आहे. इथून मागे फिरायचं मनात आणवत नाही.

ही सेव्हिस काय, ते सांगते, कारण माझं सगळं आयुष्य सध्या त्या एका नोंदीत आहे. 2003 पासून इथल्या प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याची माहिती सरकारच्या या संगणकात असते: कुठे शिकतो, किती क्रेडिट घेतली, कुठे राहतो, कुठे काम करतो. विद्यापीठात त्यासाठी नेमलेला अधिकारी असतो, डीएसओ. घर बदललं तर दहा दिवसांत त्याला कळवायचं. अभ्यासक्रम आय-20 वरच्या तारखेपर्यंत संपणार नसेल तर ती तारीख उलटायच्या आधी मुदतवाढ घ्यायची. माझी तारीख गेल्या वर्षी जुलैत होती. 2020 मध्ये प्रयोगशाळा बंद राहिल्याने काम मागे पडलं होतं, तसं गाइडचं पत्र आणि पैशांची सोय दाखवणारे कागद घेऊन मी मार्चमध्येच गेले. तारीख उलटली असती तर हे कुणी ऐकूनही घेतलं नसतं.

आता एक गोष्ट, जी मी तुमच्यापासून साडेतीन वर्षं लपवली.

ऑक्टोबर 2021. तेव्हा मी तुम्हाला दर रविवारी "सगळं छान चाललंय" सांगायचे. एका विषयात मी बुडत होते. मधल्या परीक्षेत शंभरपैकी एकतीस मिळाले होते. कोर्स सोडायची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती. रात्री दोन वाजता मी संगणकावर ते पान उघडलं, कोर्ससमोरच्या चौकोनात खूण केली, 'ड्रॉप' लिहिलेल्या बटणावर बाण नेला. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांनी आधी आमच्या कार्यालयाशी बोलावं. एरवी अशा ओळी मी वाचत नाही. त्या रात्री का वाचली ते आजही सांगता येत नाही. लॅपटॉप मिटला आणि सकाळ होईपर्यंत खिडकीत बसून राहिले.

नऊ वाजता डीएसओ बाईंच्या दारात उभी होते. त्यांनी त्यांच्या संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. माझ्या नावासमोर 9 आकडा होता. त्यांनी पेनाने 9 वर टिचकी मारली आणि म्हणाल्या, हा कोर्स काढला की इथे 6 होईल. पीएचडीला आमच्याकडे 9 क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ. कमी घेता येतात, आजारपणासाठी, विषय चुकीच्या पातळीचा निवडला गेला म्हणून, पण मंजुरी आधी लागते. आधी सोडायचं आणि मग परवानगी मागायची, हे चालत नाही. रात्री बटण दाबलं असतं तर त्या क्षणापासून माझं स्टेटस मोडलं असतं. मग पुन्हा स्टेटस मिळवायचा अर्ज, पाच महिन्यांच्या आत, आणि चूक माझ्या हाताबाहेरची होती हे सिद्ध करायचं. ती हाताबाहेरची नव्हतीच.

मार्ग साधा निघाला. गाइडकडे तीन क्रेडिटचं संशोधन नोंदवायचं, ते नोंदलं गेलं की कोर्स सोडायचा. दुपारी एकपर्यंत दोन सह्या झाल्या. पडद्यावर 9 तसाच राहिला. मी बाहेर पायऱ्यांवर बसले आणि तुम्हाला फोन लावला. तुमच्याकडे रात्र झाली होती. आई, तू विचारलंस "आवाज असा का येतोय," आणि मी सर्दी झालीय म्हणून सांगितलं. तेव्हा खरं सांगायला हवं होतं. तुम्ही रागावला नसतात, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण तुम्ही झोपला नसतात.

बाबा, शिकवणीबद्दलही मनात राहिलंय. 2020 च्या उन्हाळ्यात तुमचं पेन्शन अडकलं होतं, तेव्हा तुम्ही म्हणालात की ऑनलाइन चार मुलांना गणित शिकव, तेवढाच हातभार. मी नाही म्हटलं आणि तुम्ही पुढे काही बोलला नाहीत. तुम्हाला वाटलं असेल, पोरीला आता घरच्यांची पर्वा राहिली नाही. सत्र चालू असताना विद्यापीठात आठवड्याला वीस तास काम करायची मुभा असते आणि माझे वीसच्या वीस शिकवण्यात जात होते. बाहेरचं काम परवानगीशिवाय करायचं नाही. मी विचारून बघितलं, उत्तर आलं: इथे बसून पैसे घेऊन नको. बाकीच्या काही चुकांना माफी मिळू शकते, पण विनापरवाना काम केलेल्याला स्टेटस परत मिळत नाही. म्हणून नाही म्हटलं.

त्याच उन्हाळ्यात 6 जुलैची ती बातमी आली होती, आठवते? सगळे वर्ग ऑनलाइन असतील त्या विद्यार्थ्यांनी देश सोडावा. हार्वर्ड आणि एमआयटी कोर्टात गेले आणि 14 जुलैला सरकारने हुकूम मागे घेतला. मधले आठ दिवस माझी बॅग दाराशी भरून ठेवलेली होती.

आणि यंदाचा एप्रिल तुम्ही टीव्हीवर बघितलाच. हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिसमधल्या नोंदी अचानक बंद झाल्या. त्यात असे कितीतरी होते ज्यांची चूक म्हणजे कधीकाळचा वाहतुकीचा दंड किंवा कोर्टाने काढून टाकलेला खटला. लोक कोर्टात गेले, 25 एप्रिलला सरकारने नोंदी पूर्ववत करतो म्हणून सांगितलं. माझी नोंद शाबूत आहे, मी डीएसओकडून दोनदा तपासून घेतली. तेव्हा मी नुसतं "काही नाही, काळजी करू नका" म्हटलं होतं. खरं हे आहे की मला भीती वाटली. सगळे नियम पाळूनही नोंद बंद होऊ शकते हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं. आणि ज्या महिन्यात हे घडलं त्याच्या पुढच्या महिन्यात, संपलेल्या व्हिसावर, मी देशाबाहेर पाऊल टाकू शकत नाही. आई, तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर एवढंच आहे.

पुढचंही सांगून ठेवते. माझा अभ्यासक्रम ऑगस्टच्या मध्यावर संपतोय. त्याच्या नव्वद दिवस आधीपासून ओपीटीचा अर्ज करता येतो, म्हणजे आताच. ओपीटी म्हणजे शिकलेल्या विषयात बारा महिने नोकरी करायची परवानगी, माझ्या विषयाला पुढे आणखी चोवीस महिने मिळू शकतात. ऑनलाइन अर्जाची फी 470 डॉलर, ती मी बाजूला ठेवली आहे, तुम्ही काही पाठवू नका. त्या परवानगीचं कार्ड येईपर्यंत बाहेर जाणं धोक्याचं. कार्ड आणि नोकरीचं पत्र हातात आलं की स्टॅम्पिंगची तारीख घेऊन मी येणार. डिसेंबर धरून चालले आहे. नक्की म्हणत नाही, कारण तुम्ही दिवस मोजायला लागता.

ऑपरेशन 12 जूनला सकाळी आठला आहे ना? तेव्हा इथे आदल्या रात्रीचे साडेदहा असतील. मी जागी आहे. बाबा, गुडघा बदलल्यावर दुसऱ्याच दिवशी उभं करतात, तेव्हा दुखलं तरी "नंतर बघू" म्हणू नका. आई, फोन रात्रीच चार्ज करून ठेव. बाबांना आत नेलं की मेसेज टाक, बाहेर आणलं की टाक. मधल्या वेळात बोलावंसं वाटलं तर लगेच फोन कर, आणि टोरंटोचं पुन्हा विचारायचं असेल तर तेही विचार.

तुमची,
लेक