खेर्डीच्या बंद शेडवर भराव नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चिपळूणजवळच्या खेर्डी औद्योगिक वसाहतीत, वाशिष्ठी नदीच्या अंगाला, बंद पडलेल्या शेडच्या आवारात लाल मातीचे डंपर खाली होऊ लागले आहेत. जागा कोणाची, घेणार कोण, तिथे गोदाम होणार की इमारत, यावर नाक्यावर रोज नवी बातमी असते. मला त्यात पडायचे नाही. आज एका प्लॉटवर आहे ते उद्या शेजारच्या प्लॉटवर होणार, म्हणून लिहितो आहे. माझी सगळी नोकरी याच वसाहतीत मेंटेनन्स फिटर म्हणून झाली. नकाशे वाचण्यापेक्षा पाइप कुठून कुठे जातो हे बघायची सवय आहे, त्यामुळे पत्रही त्याच पद्धतीचे होईल.

एक एकर म्हणजे साधारण चार हजार चौरस मीटर. त्यावर दोन मीटर भराव घातला की ऐंशी लाख लिटर पाणी मावायची जागा गेली. जागा गेली म्हणून पाणी आटत नाही, ते शेजारी जाते. शेजारी म्हणजे भाड्याच्या खोल्या, गॅरेजवाले, आणि सखल प्लॉटवर अजून चालू असलेले छोटे कारखाने. ज्याला भराव परवडतो तो कोरडा राहतो आणि त्याच्या वाटणीचे पाणी दुसऱ्याच्या ओट्यावर चढते. २२ जुलै २०२१ ला ते किती चढले हे चिपळूणकरांना सांगायला नको. पुढचा महिनाभर मोटर रिवाइंडिंगवाल्यांकडे बुडालेल्या मोटरींची रांग होती. त्यानंतर लोकांनी उपोषणे करून वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ काढायला लावला. एकीकडे नदीतून माती काढायची आणि दुसरीकडे काठावर डंपरने आणून ओतायची, हा हिशेब मला तरी लागत नाही.

पूररेषांवरून शहरात जो वाद झाला, त्यात मी रेषांना विरोध करणाऱ्यांच्या बाजूचा आहे. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला बंदी, दोन्हींच्या मध्ये निर्बंध. ज्यांची घरे आणि दुकाने आजोबांपासून बाजारपेठेत आहेत त्यांना एका सकाळी रेषेच्या आत आहात म्हणून सांगितले तर ते भडकणारच. पण बंद शेडमध्ये कोणी राहत नाही. तिथे पाण्याला जागा दिली तर कोणाची चूल हलत नाही, कोणाचे दुकान जात नाही. चिपळूणच्या आजूबाजूला अशी जमीन आता किती उरली आहे? जी आहे तीसुद्धा उंच करून टाकायची?

माझे म्हणणे एवढेच की नदीकडचे जे प्लॉट बंद आहेत ते उंच करण्याऐवजी खाली न्यावेत. शेड उतरवावी, कोबा फोडावा आणि मीटरभर खोल पसरट तळे करावे. एका एकराला चाळीस लाख लिटर पाणी मावते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. हजार चौरस मीटरच्या पत्र्यावरून एका दिवसाच्या शंभर मिलिमीटर पावसात एक लाख लिटर पाणी सुटते, आणि वसाहतीतले सगळे पत्रे, सगळे डांबर एकाच वेळी गटारात रिकामे होते. ते पाणी आधी तळ्यात यावे, नदी उतरली की सावकाश बाहेर जावे.

बाहेर जाणाऱ्या पाइपच्या तोंडाला झडप हवी, हे मात्र इंजिनीअर विसरले तरी फिटरने विसरायचे नाही. खाडीला भरती असली की चिपळूणचे पाणी उतरत नाही. झडप नसेल तर नदीच उलटी पाइपातून तळ्यात येते आणि तळे ऐन गरजेच्या वेळी भरलेले असते. पंपाला आपण नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतो, तेच मोठ्या मापात. आणि कोणी शोषखड्डे सुचवेल त्याला सांगतो, सड्यावर, म्हणजे वरच्या जांभ्याच्या पठारावर, ते चालतील, जांभा पाणी पितो. नदीकाठच्या गाळाच्या मळईत जुलैत विहिरीच काठोकाठ भरलेल्या असतात, शोषखड्डा शोषणार कुठे?

अशा एकदोन तळ्यांनी २०२१ सारखा पूर थांबेल असे मी म्हणत नाही. सह्याद्रीवर तसा पाऊस आणि खाली भरती एकाच वेळी आली तर ही तळीही बुडतील. पण दर पावसाळ्यात चारदोन वेळा वसाहतीच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी साचते ते कमी होईल, आणि मोठ्या पुरात निदान आपण शेजाऱ्याला ढकलले नाही एवढे तरी होईल.

काठाने झाडे लावायची तर पुरात तासन्‌तास उभी राहणारी लावावीत. वाळुंज, करंज, अर्जुन, जांभूळ, उंबर आणि उतारावर माती धरायला वाळा. गुलमोहर आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ कृपा करून नको. ‘आय लव्ह चिपळूण’चा बोर्ड आणि पेव्हर ब्लॉकही नकोत, पण ते येणारच असे दिसते.

आता मुख्य गोष्ट, जिच्याबद्दल डंपरवालेही बोलत नाहीत आणि झाडेवालेही नाहीत. या जमिनीत काय आहे? मी जिथे काम केले त्या कारखान्याचे नाव लिहीत नाही, तो आता नाही. तिथे प्लेटिंगचा, म्हणजे धातूवर मुलामा चढवायचा विभाग होता. अ‍ॅसिडच्या टाक्यांखालची फरशी खाल्ली गेली होती, जोडातून गळती होती. मशीनखालचे कटिंग ऑइल भुश्शावर घेऊन भुसा मागच्या खड्ड्यात जायचा. आम्हीच टाकायचो, तशीच पद्धत होती. इटीपीचा, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा गाळ तळोज्याच्या घातक कचरा केंद्राला पाठवायचे नियम नंतर आले, आणि ते आल्यावरही सगळा तिथेच पोहोचला का, हे ज्याचे त्याला माहीत. २०२१ च्या पुरानंतर आमच्या अंगणातल्या गाळाला तेलाचा वास येत होता.

म्हणून तळे खणण्याआधी माती आणि बोअरचे पाणी तपासायला हवे. क्रोमियम, शिसे, तेल. प्लेटिंगच्या जागी पाणी मुरवले तर आजवर मातीत धरून राहिलेले सगळे आजूबाजूच्या विहिरींत उतरेल. तिथे उलटे करायचे. वाईट माती काढून न्यायची किंवा जागेवर चिकणमातीने आणि जाड प्लॅस्टिकच्या अस्तराने झाकायची, वरचे पाणी तिथून वळवायचे आणि तळे दुसऱ्या कोपऱ्यात घ्यायचे. अशा जागेवर आंबा, भाजी, काही खाण्याचे लावायचे नाही. आणि वरून दोन मीटर लाल माती टाकली म्हणजे खालचे गेले असेही नाही. उलट ते कायमचे कोणाच्या तरी पायाखाली गाडले जाते आणि पुढचा खरेदीदार तिथे बोअर मारतो.

हे जगात कोणी केलेच नाही असे नाही. जर्मनीत डुइसबुर्गला १९८५ साली लोखंडाचा कारखाना बंद पडला. तिथे १८० हेक्टरचे उद्यान झाले. भट्ट्या पाडल्या नाहीत, जी माती फार विषारी होती ती जुन्या बंकरांत बंद केली, आणि कारखान्याचे सांडपाणी वाहणाऱ्या नाल्यातून आता छपरांवरचे पावसाचे पाणी वाहते, सांडपाणी खालून पाइपाने जाते. एवढे लांब जायचे नसेल तर धारावीच्या शेजारी, मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सदतीस एकर, आणि पूर्वी ती कचरा टाकायची जागा होती. मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक कोकणी माणसाने एकदा बघून यावे.

मुंबईचीच दुसरी गोष्टही आठवते, ती घरातली आहे. वडील लालबागला गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गावी आले ते परत गेले नाहीत. पुढे १९९१ च्या नियमात असे होते की गिरणीची जमीन विकसित करताना एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी आणि उरलेली मालकाची. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची, शेडखालची जमीन त्यातून सुटली. गिरणीत सगळी शेडच असते! २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. सुमारे सहाशे एकरांतून शहराला मोकळे काय मिळाले ते परळला उतरून बघता येते. खेर्डीत नियम करायची वेळ येईल तेव्हा ‘रिकामी जमीन’ या शब्दांवर लक्ष ठेवा.

‘आधी कारखाने आणा, तळी कसली खणता,’ असे माझा मुलगाच म्हणतो. त्याला नोकरीसाठी पुण्याला जावे लागले, त्याचे चुकत नाही. रस्त्याकडचे आणि उंचावरचे बंद प्लॉट पुन्हा उद्योगांनाच द्यावेत. वर्षानुवर्षे कुलूप लावून बसलेल्यांकडून ते काढून घ्यावेत, जमीन भाडेपट्ट्याने आहे, दान दिलेली नाही. मी फक्त नदीकडच्या पट्ट्याबद्दल बोलतो. आणि पुराची धास्ती कमी झाली तर नवा माणूस मशिनरी आणायला धजेल.

अडचण अशी की वसाहतीच्या आत नियोजन एमआयडीसीचे, बाहेर ग्रामपंचायत, पुढे नगर परिषद, नदी पाटबंधारे खात्याची आणि माती प्रदूषण नियंत्रण मंडळाची. २०२५ मध्ये केंद्र सरकारने प्रदूषित जागांसाठी नियम काढले. त्यांत संशयित जागांची यादी स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने करून राज्य मंडळाकडे द्यायची आहे. खेर्डीतल्या जुन्या प्लेटिंगच्या आणि रसायनांच्या शेड त्या यादीत घाला, आणि तपासणी होईपर्यंत भरावाला परवानगी देऊ नका, एवढी मागणी ग्रामसभेत ठराव करून पाठवता येईल. त्याला पैसे लागत नाहीत.

टाक्या कुठे होत्या, खड्डे कुठे होते, जमिनीखालून कोणता पाइप कुठे जातो, याचे ड्रॉइंग बहुतेक कोणाकडे उरलेले नाही. माझ्याबरोबरचे काही जण अजून खेर्डीत आणि पेठमापात आहेत. तपासणीला अधिकारी आले तर आम्ही जागेवर येऊन खुणा करून देऊ. मात्र मे संपायच्या आत या, नंतर तिथे रान इतके माजते की आम्हालाही काही सापडायचे नाही.

आपला,
एक निवृत्त फिटर,
खेर्डी, ता. चिपळूण, जि. रत्नागिरी