आधी खेळणाऱ्यांचा विचार कर

बाळा,

तू पाठवलेला ऑनलाइन कम्युनिटीचा प्लॅन नीट वाचला. छोट्या इंडी डेव्हलपरना, म्हणजे कंपनीशिवाय स्वतःच गेम बनवणाऱ्यांना, आणि गेम खेळणाऱ्यांना एका ठिकाणी आणायचं, मधे पब्लिशर नाही, जाहिराती नाहीत, ही कल्पना मला फार आवडली आणि तू हे करावंस असं मनापासून वाटतं, हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना आई नको म्हणतेय असं वाटायला नको.

प्लॅनमधे डेव्हलपरसाठी भरपूर आहे. प्रोफाइल, डेव्हलॉग (गेम कसा बनतोय त्याची डायरी), स्क्रीनशॉट, रिलीज कॅलेंडर. खेळणाऱ्यांसाठी काय आहे ते शोधत गेले तर शेवटी एक कमेंट बॉक्स सापडला, आणि माझी सगळी काळजी तिथेच आहे. डेव्हलपर येणारच गं, त्यांना गरज आहे. २०२४ मधे स्टीम या गेम विकणाऱ्या एकट्या साइटवर १८ हजारांहून जास्त गेम रिलीज झाले, त्यात एकट्याने दोन-तीन वर्षं खपून केलेला गेम कुणाला दिसणार, त्यामुळे जिथे चार माणसं बघतील असं वाटतं तिथे ते लिंक टाकणारच. मग सुरुवातीलाच तुझ्याकडे ढीगभर मेंबर दिसतील, तुला आनंद होईल, आणि नीट बघितलंस तर ते सगळे डेव्हलपरच असतील, प्रत्येकजण आपली लिंक टाकून गेलेला, दुसऱ्याचा गेम कुणी उघडलेलासुद्धा नाही. खेळणारा माणूस तिथे येतो, नुसत्या जाहिराती बघतो आणि परत फिरकत नाही.

म्हणून खेळणाऱ्याच्या हातात काहीतरी खरं दे, त्याच्या म्हणण्याने काहीतरी बदलायला पाहिजे. न्यूग्राउंड्स या गेमच्या जुन्या साइटचा इतिहास बघ जरा. टॉम फल्पने ती साइट १९९५ मधे सुरू केली आणि २००० मधे तिथे कुणीही आपला फ्लॅशमधला (ब्राउझरमधे गेम चालवायचं तेव्हाचं सॉफ्टवेअर) गेम किंवा ॲनिमेशन टाकू शकेल अशी सोय केली, पण नवीन आलेली गोष्ट ठेवायची का उडवायची हे बघणाऱ्यांच्या मतांवर ठरायचं, आणि मत देणाऱ्यालाही त्याचे पॉइंट मिळायचे, लेव्हल वाढायची. म्हणजे गेम न बनवणाऱ्या माणसालाही तिथे स्वतःचं स्थान होतं, रोज यायला कारण होतं. एडमंड मॅकमिलनचा मीट बॉय हा गेम २००८ मधे तिथेच आला आणि त्यातूनच २०१० चा सुपर मीट बॉय झाला. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद पडलं, तरी ती साइट चालू आहे, कारण तिथली माणसं तंत्रज्ञानासाठी आलेली नव्हती. तू अगदी तसंच कर असं नाही म्हणत, कुणाचा गेम उडवायचा हे मला स्वतःला कठोर वाटतं, पण मत देणाऱ्याचं वजन दिसलं पाहिजे हे मात्र तिथून घे.

दुसरं उदाहरण लुडम डेअर या गेम बनवायच्या ऑनलाइन स्पर्धेचं. २००२ पासून चालू आहे, त्यातल्या एका प्रकारात ४८ तासात एकट्याने गेम करायचा. मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे नंतरची व्यवस्था. तुझ्या गेमला साधारण २० जणांनी रेटिंग दिलं तरच निकालात स्कोअर येतो, आणि तू दुसऱ्यांचे गेम जितके खेळून रेटिंग देशील तितका तुझा गेम इतरांना जास्त दिसतो. त्यामुळे सगळे एकमेकांचे गेम खेळत बसतात, आणि कुणाचाच गेम अगदी कोरा राहत नाही. हे तू पहिल्या दिवसापासून ठेव. लिंक टाकायच्या आधी तीन गेम खेळून त्यावर नीट लिहिलेलं असलं पाहिजे, नुसतं मस्त आहे लिहिलं तर धरायचं नाही. काही डेव्हलपर कुरकुर करतील, काही जातील, जाऊदेत.

आता फीडबॅकचं बोलते, कारण टेस्टिंगमधे इतकी वर्षं गेली माझी आणि यात मला खरंच काहीतरी कळतं. खेळणारा जेव्हा म्हणतो की इथे कंटाळा आला, इथे अडकलो, तेव्हा ते शंभर टक्के खरं धरायचं. पण तो जेव्हा उपाय सांगतो, की इथे अजून एक हत्यार द्या किंवा शत्रूची ताकद कमी करा, तेव्हा नुसतं ऐकून घ्यायचं आणि कारण स्वतः शोधायचं, बऱ्याचदा हत्याराचा प्रश्नच नसतो, दरवाजा अंधारात असल्यामुळे दिसलेला नसतो एवढंच असतं. म्हणून तुझ्या फॉर्ममधे गेम कसा वाटला असं विचारूच नकोस. कुठे थांबलास, कधी बंद केलास, बंद करताना काय करत होतास, परत उघडावासा वाटला का, एवढं विचार. आणि जमलं तर स्क्रीन रेकॉर्डिंगची सोय कर, कारण पहिल्यांदा खेळणारा माणूस कुठे चुकतो हे गप्प बसून बघण्याइतकं डेव्हलपरला दुसरं काहीच शिकवत नाही, मधे बोलायचं नाही, हिंट द्यायची नाही, नुसतं बघायचं, आणि ते बघणं फार अवघड जातं त्यांना, मला माहितीये.

आणि उत्तर. कुणी बग कळवला की डेव्हलपरने दोन दिवसात एक ओळ तरी लिहायची, आणि तो बग सुटला की अपडेटच्या यादीत कळवणाऱ्याचं नाव टाकायचं, अर्थात त्याला चालत असेल तर. एवढ्याशा गोष्टीने माणूस त्या गेमचा होऊन जातो. मार्कस पर्सनने १७ मे २००९ ला माइनक्राफ्टचं अगदी कच्चं रूप टिगसोर्स या इंडी गेमच्या फोरमवरच्या लोकांपुढे ठेवलं होतं, लोक खेळत गेले, बोलत गेले, तो बदल करत गेला. पुढे २०१४ मधे मायक्रोसॉफ्टने २.५ अब्ज डॉलरला त्याची कंपनी घेतली वगैरे ते सगळं नंतरचं, ते होण्याची वाट बघत कुणी गेम करू नये. मला त्यातलं घ्यायचंय ते हे की अर्धवट गोष्ट दाखवायला त्याला जागा होती आणि तिथे खेळून बघणारी माणसं होती. तुझ्याकडे लोकांनी अर्धवट गेम आणावेत असं वातावरण पाहिजे, पूर्ण झालेले गेम दाखवायला बाकीच्या जागा आहेत.

मेंबर किती झाले ते मला सांगू नकोस, नवीन गेम टाकल्यावर पहिला नीट लिहिलेला फीडबॅक यायला किती वेळ लागला ते सांग. स्टीमवर १० रिव्ह्यू होईपर्यंत स्कोअरच दिसत नाही, म्हणजे छोट्या गेमसाठी दहा माणसंसुद्धा केवढी मोठी गोष्ट आहे बघ. दहा हजार गप्प मेंबरपेक्षा खेळून लिहिणारे पन्नास जण तुझ्या डेव्हलपरना जास्त उपयोगी.

एक भीती वाटते ती पण लिहिते. माझा गेम टेस्ट करशील का असा मेसेज पाठवून फाइल उघडायला लावायची आणि अकाउंट चोरायचं हा प्रकार डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर सर्रास चालतो, आणि तुझी तर अख्खी कम्युनिटीच अनोळखी माणसाचा गेम उघडून बघा या विश्वासावर उभी राहणार. एकदा जरी कुणाचं अकाउंट तुझ्यामुळे गेलं तर लोक परत येणार नाहीत. म्हणून सुरुवातीला फक्त ब्राउझरमधे चालणारे गेम घे, ते त्यातल्या त्यात सुरक्षित, शिवाय इन्स्टॉल करायला नको म्हणून जास्त लोक खेळतात. डाउनलोडचे गेम नंतर, ते पण ज्याला आधीपासून ओळखतेस त्याचेच, आणि पर्सनल मेसेजमधून फाइल पाठवायला सरळ बंदी.

पैशांचं थोडक्यात. इच.आयओ ही इंडी गेम विकायची साइट २०१३ मधे सुरू झाली, तिथे साइटला किती टक्के द्यायचे ते डेव्हलपरच ठरवतो, न बदलल्यास १० टक्के, हवं तर शून्य. स्टीम साधारण ३० टक्के घेतं. तू आत्ता विक्रीत पडूच नकोस, विकायला त्यांना या जागा आहेत, तू माणसं जोडून दे. आणि पैसे घेऊन कुणाचा गेम वर दाखवायचा नाही, कितीही अडचण आली तरी नाही, सर्व्हरचा खर्च निघाला नाही तर मला सांग.

मॉडरेशनसाठी, म्हणजे भांडणं आणि वाईट मेसेज आवरायला, माणसं आधी शोध, कम्युनिटी नंतर उघड. एकटा माणूस गेम करत असतो तेव्हा त्या गेमला शिवी दिली की ती थेट त्यालाच लागते, मधे कंपनी नसते ना. फेझ हा गेम बनवणाऱ्या फिल फिशने २०१३ मधे ऑनलाइन झालेल्या भांडणानंतर त्याचा दुसरा भागच रद्द करून टाकला. गेमवर कितीही कडक बोला, माणसावर नाही, हा नियम वर मोठ्या अक्षरात लिही आणि मोडणारा कितीही जुना असला तरी तितकाच लागू कर. उलट बाजूनेही लक्ष ठेव, वाईट फीडबॅक आला म्हणून चार मित्रांना घेऊन खेळणाऱ्यावर तुटून पडणारे डेव्हलपर पण असतात, आणि तेव्हा तू खेळणाऱ्याच्या बाजूने उभी राहिलीस हे सगळ्यांना दिसलं पाहिजे, कारण ते बघूनच बाकीचे खरं बोलायचं का नाही ते ठरवणार. आणि स्वतः रात्रभर जागून मेसेज साफ करत बसू नकोस, पाळ्या लाव.

मला टेस्टरच्या यादीत घाल. आठवड्याला दोन गेम खेळून नीट लिहून देईन, कोडी आणि प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायचे गेम) चालतील, भुताचे नकोत. पहिली लिंक पाठवशील तेव्हा कंट्रोलर लागतो का तेवढं आधी सांग, माझ्याकडे फक्त कीबोर्ड आहे.

तुझी
आई