आपल्या गॅरेज रॉकच्या रेकॉर्डी भंगारात जाऊ देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांवर लेख आला होता तो मी दोनदा वाचला, कात्रणही काढून ठेवलंय, कारण लिहिणाऱ्यानं मनापासून लिहिलंय. नाट्यसंगीत आलं, हिंदी सिनेमा आला, जॅझ आलं. पण रॉकवर एकच वाक्य, की आपल्याकडे रॉक खऱ्या अर्थानं ऐंशीच्या दशकात आलं. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितेय. मी 51 वर्षांची, डोंबिवलीत राहते, बँकेत नोकरी करते आणि गेली 30 हून जास्त वर्षं गॅरेज रॉक ऐकतेय, म्हणजे नुसतं ऐकतेय असं नाही, हे संगीत माझ्या जिवाभावाचं आहे, त्यामुळे जरा लांबण लागली तर सांभाळून घ्या.

गॅरेज रॉक म्हणजे काय हे आधी सांगते. साधारण 1963 ते 1967 ह्या काळात अमेरिकेत गावोगावच्या शाळा-कॉलेजातल्या पोरांनी स्वस्तातल्या गिटारी घेतल्या आणि घरच्या गाडीच्या गॅरेजमध्ये तालमी सुरू केल्या. तीन कॉर्ड यायच्या, चौथी कधी कधी. गावातल्याच एखाद्या स्टुडिओत जाऊन एका दिवसात रेकॉर्ड करायचं, गावापुरत्या प्रती काढायच्या, शाळेच्या डान्सला वाजवायचं, आणि बहुतेकांचं तिथेच संपायचं. मग पुढे नोकरी, लग्न, व्हिएतनामची भरती. मागे उरायची ती 45 ची, म्हणजे मिनिटाला 45 फेरे घेणारी एक छोटी तबकडी.

आवाज कसा, तर लालबागला गणपतीत ज्यांनी बेंजो पार्टी ऐकलीय त्यांना हे पटकन कळेल. बेंजोला पिकअप लावलेला, आवाज कर्ण्यातून येतोय, कर्णा फाटेल असा, आणि सूर त्या फाटण्यातूनच अंगावर येतो. माझं आजोळ लालबागचं, मी त्या आवाजावर वाढले. म्हणून 1991 साली कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या जहाजावर नोकरी करणाऱ्या भावानं 90 मिनिटांची एक कॅसेट भरून आणली आणि ती मी पहिल्यांदा लावली तेव्हा मला ते परकं वाटलंच नाही. बाकीच्यांनी विचारलं, टेप खराब आहे का? मी म्हटलं नाही, हे असंच आहे, आणि असंच पाहिजे.

त्या कॅसेटवर होतं 'नगेट्स' ह्या संकलनातलं बरंचसं. 1972 मध्ये लेनी के ह्या माणसानं इलेक्ट्रा कंपनीसाठी अशी विस्मरणात चाललेली 27 गाणी गोळा करून दोन रेकॉर्डींचा संच काढला. त्याबरोबरच्या मजकुरात त्यानं ह्या बँडांसाठी 'पंक रॉक' हा शब्द वापरला, पंक नावाच्या खरखरीत, बंडखोर रॉकची लाट यायच्या चार वर्षं आधी. तेव्हा ती गाणी जेमतेम चार ते आठ वर्षं जुनी होती फक्त, आणि तरी ती हरवायला लागली होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता 'लुई लुई' ची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या किंग्जमेन ह्या बँडनं हे गाणं एप्रिल 1963 मध्ये रेकॉर्ड केलं, खर्च पन्नासएक डॉलर. माइक उंच टांगलेला, गाणारा जॅक इली मान वर करून ओरडतोय, दातांना तारा लावलेल्या, त्यामुळे शब्द काय आहेत कोणाला कळेना. मधल्या सोलोनंतर तो एका ओळीआधीच गायला लागतो, चूक लक्षात येऊन थांबतो, आणि ड्रमर मधली जागा भरून काढतो. ती चूक तशीच रेकॉर्डवर आहे. पुढे हे गाणं अमेरिकाभर गाजलं आणि पालकांनी तक्रारी केल्या की ह्यात अश्लील काहीतरी आहे, तेव्हा एफबीआयनं रेकॉर्ड वेगवेगळ्या स्पीडवर लावून ऐकली आणि शेवटी शब्द समजत नाहीत असाच निष्कर्ष काढला. मूळ गाणं रिचर्ड बेरी ह्या कृष्णवर्णीय गायकाचं, एका खलाशाची साधी विरहाची गोष्ट आहे ती.

आणि अमेरिकेतल्याच टॅकोमाचा सॉनिक्स हा बँड. त्यांची 1965 ची पहिली एलपी कोणीही ऐका, साठ वर्षं झाली तरी स्पीकरमधून धूर निघेल असं वाटतं. रेकॉर्डिंगच्या वेळी आवाजाच्या मीटरचा काटा लालमध्ये जाऊन तिथेच राहायचा, आणि दुसऱ्या एलपीच्या वेळी तर स्टुडिओच्या भिंतींवरचं आवाज शोषणारं अस्तर त्यांनी ओरबाडून काढलं, कारण आवाज घुमायला हवा होता. फक्त अमेरिकेतच होतं असंही नाही. पेरूची राजधानी लिमा, तिथल्या लिन्से भागातल्या लोस साइकोस ह्या चार पोरांनी 1965-66 मध्ये स्पॅनिशमध्ये सहा सिंगल्स, म्हणजे छोट्या तबकड्या, काढल्या आणि आज त्या भागात त्यांच्या नावाचा फलक लावलेला आहे. फलक! आपल्याकडे बँडसाठी असा एक तरी आहे का सांगा.

नंतरच्या काळातलं म्हणाल तर डेट्रॉइटचा द गोरीज मला सगळ्यात जवळचा. 1986 मध्ये सुरू झाला, दोन गिटार आणि ड्रम, बेस नाहीच. ड्रमवर पेगी ओनील, तिनं आधी ड्रम वाजवलेलेच नव्हते. मला हे कळलं तेव्हा मी घरी एकटीच होते आणि मी स्टीलच्या डब्यावर वाजवायला बसले. त्याच डेट्रॉइटमधून पुढे व्हाइट स्ट्राइप्स आले, त्यांचा तो एक रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हापुन्हा येणारा तुकडा, आज जगभर फुटबॉलच्या स्टेडियममध्ये हजारो लोक गातात, आणि ज्या एलपीत तो आहे ती 2003 ची 'एलिफंट' लंडनच्या टो रॅग नावाच्या छोट्या स्टुडिओत जुन्या 8 ट्रॅकच्या मशीनवर झाली. कॉम्प्युटर नाही. एवढ्या थोड्या सामानात एवढं मोठं काम होतं ह्याचा मला दरवेळी नव्यानं आनंद होतो.

माझा मुलगा नोकरीसाठी मेम्फिसला असतो, तिथे फेडेक्सचं मुख्यालय आहे, आपली बरीच मंडळी आहेत. 2023 च्या सप्टेंबरमध्ये मी गेले तेव्हा तो म्हणाला, आई, तुझ्यासाठी एक तिकीट काढलंय. गोनरफेस्टचं. मी रडले हो अक्षरशः. गोनर रेकॉर्ड्स हे तिथलं दुकानही आहे आणि लेबलही, म्हणजे रेकॉर्डी काढणारी कंपनी, 1993 मध्ये जपानच्या गिटार वुल्फ ह्या बँडची एलपी काढून लेबल सुरू झालं, दुकान यंग अव्हेन्यूवर, आपल्या दादरच्या एखाद्या पुस्तकांच्या दुकानाएवढंच असेल, आणि दरवर्षी ते हा महोत्सव भरवतात, मी गेले तो विसावा होता. ऑस्ट्रेलियातून बँड येतात, जपानमधून येतात, आणि ऐकायला येणाऱ्यांत सत्तरीचेही असतात नि पाठीवर दप्तर असलेली पोरंही. मोकळ्या जागेत स्टेज, बाजूला रेल्वेचे रूळ. एक मालगाडी धडधडत गेली, गाणं चालूच, कोणी थांबलं नाही, आणि मला डोंबिवली आठवली. एका बँडची गिटारची तार तुटली तर त्यानं उरलेल्या पाच तारांवर गाणं संपवलं आणि मग खाली उतरून माझ्याच शेजारी उभा राहून पुढचा बँड ऐकायला लागला. ह्या संगीतात वाजवणारा आणि ऐकणारा ह्यांच्यात एवढंच अंतर असतं, एका पायरीचं. रेकॉर्ड घरी कितीही वेळा ऐका, ड्रमचा पहिला ठोका छातीत बसतो तो समोर उभं राहिल्याशिवाय नाही बसत. मी आधी हे फक्त धोबीतलावच्या रंगभवनला अनुभवलं होतं, नव्वदच्या सुरुवातीला, इंडिपेन्डन्स रॉक ह्या रॉक महोत्सवाला, शेवटची लोकल पकडायची म्हणून अर्ध्यातून निघावं लागायचं. ते रंगभवनही सायलेन्स झोनमध्ये गेलं आणि शो बंद झाले, ते दुःख वेगळं.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे हे ऐंशीत आलं नाही. साठच्या दशकातच मुंबईत कॉलेजची पोरं बँड काढत होती, सॅव्हेजेस हे नाव त्यातलं गाजलेलं. इम्पोर्टवर बंधनं, बाहेरची गिटार मिळणं मुश्कील, मिळाली तर किंमत अवाच्या सवा, म्हणून पोरं अॅम्प्लिफायर इथेच कोणाकडून तरी बनवून घ्यायची, रेडिओ दुरुस्त करणारेच ते करून द्यायचे. गॅरेज कुठलं, चाळीत गॅरेज नसतं, मित्राच्या घरी मोठी माणसं बाहेर गेली की तालीम. आणि इम्पीरियल टोबॅको कंपनी तिच्या सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी सिमला बीट नावाची देशभरची स्पर्धा घ्यायची. आपल्या नाटकवाल्या पोरांना पुरुषोत्तम करंडक जसा, तसं ह्या पोरांना ते, वर्षभर त्याचीच तयारी. मद्रासचे, शिलाँगचे, कलकत्त्याचे, मुंबईचे बँड. त्या स्पर्धेतल्या बँडांच्या 1970 आणि 1971 च्या दोन एलपी निघाल्या, काही गाणी परदेशी बँडची, काही ह्या पोरांची स्वतःची. सिगारेटची जाहिरात हे निमित्त मला आवडत नाही, पण ती स्पर्धा नसती तर एवढासुद्धा आवाज आपल्याकडे उरला नसता हेही तितकंच खरं. त्या दोन्ही एलपी पुढे कित्येक वर्षांनी पुन्हा काढल्या त्या बाहेरच्या लोकांनी, आपण नाही. मी माझी प्रत परदेशातून मागवली, मुंबईत वाजलेल्या गिटारी कस्टमचे पैसे भरून परत मुंबईत आल्या.

मराठी वाचकांना एक नाव ओळखीचं वाटेल, नंदू भेंडे. आपल्या आत्माराम भेंडे ह्यांचा मुलगा. वेल्वेट फॉग ह्या मुंबईच्या बँडमध्ये गायचे, मग सॅव्हेज एनकाउंटर ह्या बँडमध्ये, मग दिग्दर्शक अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' ह्या संगीत नाटकात ज्युडास. 2014 मध्ये ते गेले. आणि 1971 मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला स्नेहयात्रा नावाचा मोठा संगीत महोत्सव झाला होता हे किती जणांना ठाऊक आहे, रोज आपण सिंहगड एक्सप्रेसनं तिथून पुढे जातो. म्हणजे हे आपल्याच घरातलं, आपल्याच रुळाकडेचं आहे, परक्यांचं अनुकरण म्हणून सोडून द्यायचं नाही.

माझ्या सासरच्या नात्यातले एक काका आहेत, 76 वर्षांचे, गिरगावचे. तेही अशाच एका बँडमध्ये रिदम गिटार वाजवायचे, तीन वर्षं, मग वडिलांनी बँकेच्या परीक्षेला बसवलं. बँडचे फोटो, दोन पोस्टरं, सिमला बीटची एक मूळ एलपी, आणि तालमीचा एक स्पूल टेप, हे सगळं माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत होतं. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, दोन दिवसांत घर रिकामं करायचं होतं, घरातल्यांनी ट्रंक न उघडता भंगारवाल्याला दिली, वजनावर. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. मला सहा महिन्यांनी कळलं. चोरबाजारात मटन स्ट्रीटला मी पाच रविवार फिरले, एलपी मिळेल एकवेळ दुसरी, पण तो स्पूल जगात एकच होता. त्यावर त्यांचं स्वतःचं एक गाणं होतं, मराठी शब्दांचं, असं काका सांगतात.

गिरगाव, दादर, माहीम, वांद्रे, पुण्याचा कॅम्प, सगळीकडे आत्ता जुन्या बिल्डिंगी रिकाम्या होतायत. अशा ट्रंका अजून असणार. म्हणून माझी विनंती, तुम्ही पुरवणीत एक चौकट द्या, ज्यांच्या घरी त्या काळचे फोटो, तिकिटं, स्पूल, कॅसेट, रेकॉर्डी आहेत किंवा जे स्वतः वाजवायचे, त्यांनी तुमच्याकडे कळवावं. ट्रंक द्यायच्या आधी उघडा एवढंच छापलंत तरी चालेल. स्पूल चिकटला असेल तर घरी ओढून लावू नका, टेप तुटते, जाणकाराला दाखवा, आणि रेकॉर्डी आडव्या रचून ठेवू नका, वाकतात, उभ्या ठेवा. माझ्याकडे प्लेयर आहे, कॅसेट डेक आहे, रविवारी वेळ आहे, कोणाचं काही कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचं असेल तर मी पैसे न घेता करीन, तुमच्या कार्यालयात माझा पत्ता देऊन ठेवतेय.

काकांना त्या गाण्याचे शब्द आता आठवत नाहीत, पण गिटारचा तो तुकडा बोटांत आहे. मागच्या आठवड्यात शेजारच्या मुलाची गिटार मागून आणली आणि त्यांच्या हातात दिली, दोन कॉर्ड चुकल्या, तिसऱ्या वेळी सगळं नीट आलं. मोबाइलवर रेकॉर्ड केलंय मी, पावणेदोन मिनिटं, मागे कुकरच्या दोन शिट्ट्याही आल्यात.

आपली वाचक,
डोंबिवली (पूर्व)