आय सेव्हनच्या नादी लागू नकोस

डोंबिवली,
रविवार सकाळ

प्रिय बाळ्या,

तू घेणार असलेल्या कॉम्प्युटरच्या कोटेशनचा फोटो पाहिला. फोनवरच बोललो असतो, पण फोनवर तू 'हो हो' म्हणतोस आणि करायचं तेच करतोस. म्हणून लिहूनच काढतो.

'आय सेव्हन, १६ जीबी, एकदम कडक माल' असं दुकानदार म्हणाला ना? खाली बारीक अक्षरांत ३७७० लिहिलंय, ते वाचलंस का? त्यातला पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी. इंटेल कंपनीचा २०१२ सालचा प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, आहे तो, तेव्हा तुझं लग्नही ठरलं नव्हतं! चार कोर (आत राबणारे गडी), आठ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या वाटा). इंटेलच्याच बाराव्या पिढीच्या आय थ्री १२१०० मध्येही तेवढेच आहेत, पण त्याचा एकेक कोर या म्हाताऱ्यापेक्षा कितीतरी चपळ. शिवाय विंडोज ११ साठी इंटेलची निदान आठवी पिढी लागते, आणि विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपले. नावातल्या सातला भुलून भाकड म्हैस दावणीला बांधू नकोस.

तुझं काम काय? लग्नपत्रिका, फ्लेक्स, पासपोर्ट फोटो. कोरलड्रॉमध्ये पत्रिका करताना बहुतेक वेळा एकदोन कोरच राबतात, बाकीचे बांधावर बसून बघतात. त्यामुळे कोर किती यापेक्षा एक कोर किती पळतो ते बघ. मोठ्या फ्लेक्सची फाईल अडते ती बरेचदा रॅम (तात्पुरती मेमरी) आणि हार्ड डिस्कपाशी. तुझ्या बजेटच्या तीस हजारांतले निम्मे प्रोसेसरवर उधळलेस, तर एसएसडीला (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) काय घालशील?

आता माझी फजिती ऐक. वहिनींना सांगू नकोस, आमच्या घरी कळेल. मागे मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेलो, १२१०० ऐवजी १२१००एफ हजारभर रुपयांनी स्वस्त मिळाला म्हणून खुशीत घेऊन आलो. रात्री सगळं जोडलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळाच. रॅम काढून खोडरबरानं पुसली, परत बसवली, केबल बदलली, दोन वाजेपर्यंत हेच. मग खोक्यावर नीट बघितलं. त्या 'एफ'चा अर्थ आत ग्राफिक्स (पडद्यावर चित्र उमटवणारा भाग) नाही, वेगळं कार्ड लावल्याशिवाय चित्र दिसणारच नाही. वाचवलेल्या हजारापायी कार्डाचे दामदुप्पट गेले.

इंटेलची स्पर्धक एएमडी, तिचा तर उलटा कारभार. तिच्या डेस्कटॉपच्या रायझन प्रोसेसरांच्या ५००० मालिकेत मागे 'जी' असेल तरच ग्राफिक्स मिळतं. ५६००जी चालेल, ५५०० आणि ५६०० स्वस्त दिसले तरी तुझ्या कामाचे नाहीत. इंटेलला 'एफ' अक्षर असलं की गोची, इथे 'जी' नसलं की गोची.

५६००जी वाईट नाही हं. सहा कोर, बारा थ्रेड. भाचा लग्नाचे व्हिडिओ एडिट करणार असेल, तर तोही विचारात घे. पण नुसत्या पत्रिकांसाठी मी साधा १२१००च घेईन. सोबत एच६१० बोर्ड, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम बसवायची मुख्य पाटी. मात्र तो डीडीआर४ जातीच्या रॅमचा आहे की डीडीआर५ च्या, हे विचारल्याशिवाय रॅम उचलू नकोस, एकाची दुसऱ्यात बसत नाही. १६ जीबीची एक पट्टी न घेता ८ च्या दोन घे. आतलं ग्राफिक्स रॅमवरच जगतं, दोन पट्ट्यांनी त्याला दुहेरी वाट मिळते.

प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच माग. त्यावर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते, आणि १२१०० च्या खोक्यात पंखाही येतो. सुटा 'ट्रे'चा माल स्वस्त पडतो, पण मग वॉरंटी दुकानदाराच्या तोंडची. बिल पक्कं घे. कॅबिनेट आणि मॉनिटर जुनेच वापर, पॉवर सप्लाय मात्र नवा. इंटेलच्या बोर्डात केसासारख्या बारीक पिना सॉकेटमध्ये असतात. प्रोसेसर अलगद ठेवायचा, दाबायचा नाही, काम त्या लोखंडी दांडीचं. काळं झाकण जपून ठेव, वॉरंटीच्या वेळी मागतात.

आणि एक राहिलंच. तुझ्या मराठी फॉन्टचं डाँगल (फॉन्ट चालायला मशीनला लावावी लागते ती चावी) यूएसबीचं आहे की प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टचं? रुंद असेल तर जुनं डबडं भंगारात घालू नकोस, नव्या बोर्डांना मागे ते तोंड सहसा नसतंच. मशीनच्या मागे जाऊन फोटो काढ आणि आजच पाठव. तोवर दुकानदाराला आगाऊ एक रुपया देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
बंड्या