फिलरनंतर रक्तपुरवठा अडला आणि तुम्ही बर्फ लावायला सांगितलंत

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक

विषय : आपल्या पुणे शाखेत फिलर टोचल्यानंतर झालेली इजा आणि दडवलेला लॉट नंबर

आत्ताच तुमच्या ग्राहक सेवेचा फोन ठेवला. मी माझ्या चेहऱ्यात टोचलेल्या फिलरचा लॉट नंबर, म्हणजे ते कारखान्यातल्या कुठल्या खेपेतलं आहे ते सांगणारा क्रमांक, मागत होते. उत्तर मिळालं, ‘मॅडम, तुमच्या पॅकेजमधलं एक फेशियल शिल्लक आहे, आणि डागासाठी लेझर घेतलंत तर सूट देऊ.’ त्यामुळे आता थेट तुम्हाला लिहिते आहे.

नाकाच्या कडेपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतच्या रेषांमध्ये मी हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर भरून घेतलं. कातडीखाली टोचून सुरकुत्या भरून काढणारं हे जेल काय असतं हे मी तुम्हाला सांगायला नको, तुम्ही ते रोज विकता. सूज येईल, काळंनिळं पडेल, गाठ लागेल, हे फॉर्मवर छापलं होतं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण उजव्या बाजूला सुई आत असतानाच जीवघेणी कळ आली. बऱ्याच फिलरमध्ये भूल मिसळलेली असते, मग इतकं का दुखतंय, हा प्रश्न टोचणाऱ्या बाईंना पडायला हवा होता. ‘थोडं सहन करा’ म्हणत त्यांनी उरलेली सिरिंज रिकामी केली.

संध्याकाळपर्यंत नाकपुडीची कड आणि वरच्या ओठाचा उजवा भाग पांढरा फट्ट पडला. गालावर जांभळट जाळी उमटली. बोटाने दाबून सोडलं तर रंग परतायला फार वेळ लागत होता. मी तुमच्या हेल्पलाइनला हे सगळं असंच्या असं सांगितलं.

‘मॅडम, सूज नॉर्मल आहे. बर्फ लावा.’
‘सूज नाहीये. कातडी पांढरी पडली आहे आणि दुखणं वाढतंय.’
‘पहिल्यांदाच करून घेतलंत का? पहिल्यांदा सगळेच पेशंट घाबरतात.’
‘डॉक्टरांशी बोलणं करून द्या.’
‘डॉक्टर आता नाहीत. फोटो पाठवा. फिल्टर न लावता पाठवा, मॅडम.’

मी फोटो पाठवला. ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ असा मेसेज आला, पुढे कोणाचाही फोन आला नाही. फिल्टर न लावता! चेहऱ्याचा रक्तपुरवठा अडलेल्या बाईला तुमचा माणूस हे ऐकवतो. हे वाक्य मी विसरणार नाही, आणि तुम्हालाही विसरू देणार नाही.

रात्री नवऱ्याने मला मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी एक नजर टाकून रक्तवाहिनी अडल्याचं सांगितलं, बर्फ आधी फेकायला लावला, कारण थंडीने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. लगेच हायलुरॉनिडेज टोचलं आणि काही तासांनी पुन्हा टोचलं. तुमचं फिलर विरघळवणारं इंजेक्शन हेच. ते तुमच्या शाखेत होतं का? होतं, तर मला का दिलं नाही? नव्हतं, तर कुठल्या हिमतीवर फिलर टोचता? ओठ वाचला. नाकपुडीच्या कडेला मात्र काळी खपली धरली, ती पडल्यावर खड्डा राहिला आहे.

हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्येच बजावलं होतं की फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, दृष्टी जाऊ शकते, पक्षाघातही होऊ शकतो. आणि कातडी पांढरी पडली किंवा वेगळीच कळ आली तर टोचणं तिथेच थांबवायचं. मला ही दोन्ही लक्षणं होती. डोळा वाचला हे माझं नशीब, तुमचं कौशल्य नव्हे.

मला पुढील गोष्टी लेखी हव्यात. सिरिंजच्या पाकिटावरचा लॉट नंबर. त्याचा स्टिकर पेशंटच्या कागदांवर लावायचा असतो, माझ्या कागदांवर ती जागा कोरी आहे. टोचणाऱ्या बाईंचं नाव आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा त्यांचा नोंदणी क्रमांक, नोंदणी असेल तर. हेल्पलाइनवरच्या त्या संभाषणाचं रेकॉर्डिंग. आणि रुग्णालयाचा संपूर्ण खर्च. लॉट नंबर मी पुन्हा मागते आहे, कारण दर वेळी मला ‘वरिष्ठांना विचारून सांगतो’ एवढंच ऐकवलं जातं. ते वरिष्ठ तुम्हीच आहात.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या इजांची नोंद घेणाऱ्या केंद्र सरकारच्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे तर मी उद्याच कळवणार आहे, त्यासाठी तुमच्या उत्तराची वाट पाहणार नाही. माझ्या बहिणीला तुमचं नाव मीच सुचवलं होतं, इतका तुमच्यावर विश्वास होता. तिने तिची तारीख रद्द केली आहे. तिचे आगाऊ पैसेही परत करा.

ते फेशियल आणि लेझरची सूट मला नको. त्यासाठी पुन्हा फोन करू नका.

आपली ग्राहक
(फाइल आणि फोटो तुमच्याकडे आहेतच)