स्वस्त प्लॉटची पूर्ण किंमत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड येथील घरांच्या वाढत्या किमतींविषयी आपल्याकडे नेहमी छापून येते. मात्र बॉण्डपेपरवरचा गुंठेवारी प्लॉट, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेली जागा घ्यावी की कर्ज काढून लहानसा फ्लॅट, या बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांना पडणाऱ्या प्रश्नाची चर्चा क्वचितच होते.

प्लॉटची बाजू मी हलकी मानत नाही. आमच्या शहरातील सातारा-देवळाईसारख्या भागात अनेकांनी आधी दोन खोल्या आणि पुढे पैसा जमेल तसा वरचा मजला, अशी घरे उभारली. फ्लॅटमध्ये अशी वाढ करता येत नाही.

परंतु बॉण्डवर नोटरी केल्याने मालकी मिळत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखत लागते, आणि 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे अशा तुकड्यांची खरेदीखते वर्षानुवर्षे अडून राहिली. खरेदीखत नसल्याने बँकेचे गृहकर्ज मिळत नाही. मग दागिने मोडून किंवा सावकाराकडून सगळी रक्कम रोख उभी करावी लागते. विकतानाही रोखीचाच ग्राहक शोधावा लागतो, तो भाव पाडून मागतो, आणि घरात आजारपण किंवा लग्न असेल तर त्या भावाला जागा द्यावीच लागते. माझ्या मते प्लॉटच्या स्वस्ताईचा खरा हिशेब इथे कळतो. गुंठेवारी कायद्यातील 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची गुंठेवारी नियमित करण्याची वाट खुली झाली, पण त्याचे शुल्क प्लॉट घेताना फारच थोडे लोक किमतीत धरतात.

फ्लॅट घेणाऱ्याला रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांचे नियमन करणाऱ्या कायद्याचा आधार आहे: नोंदणीकृत करारनाम्याआधी विकासकाला दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. तरी हप्त्याइतकाच पाण्याचाही विचार हवा. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. नळजोडणी आहे की नाही, मे महिन्यात बोअर टिकतो का आणि टँकरचा खर्च कोणाकडे, हे इसार देण्यापूर्वीच विचारावे. ज्यांना थोडे थांबणे शक्य आहे, त्यांनी शहरापासून लांब आणि लहान का होईना, पण खरेदीखत होणारे घर घ्यावे, असे मला ठामपणे वाटते.

आपणांस विनंती, की प्लॉटच्या जाहिराती स्वीकारताना गट क्रमांक, अकृषिक परवानगी, लागू असल्यास महारेरा क्रमांक (रेराखालील राज्यातील नोंदणीचा क्रमांक) आणि पाण्याचा स्रोत या बाबी जाहिरातीत छापणे आपण बंधनकारक करावे.

आपला,
एक वाचक, छत्रपती संभाजीनगर